एकतीस म्हणजे लाल

दहा वर्षं ते यंत्र एकाच रंगात बोलायचं.
काळ्यावर करडं, ओळीखाली ओळ:
तुइरा झडप, एक्क्याण्णव अंश, ठीक.
हौकिपुदास पंप, अठ्ठ्याऐंशी, ठीक.
ठीक, ठीक, ठीक, बिघाड, ठीक.
परक्या लग्नात जेवायला बसलेल्या माणसासारखा
तो बिघाड रांगेत बसून असायचा,
कुणी विचारेपर्यंत.

मग एका रात्री, उणे सव्वीस अंशात,
कुणीच विचारलं नाही.
सकाळी शाळेतली मुलं हातमोजे घालून
गणितं सोडवत होती.
लेम्पी म्हणाली, सायला, ह्याला जरा रंग दे.

रंग देणं म्हणजे काय, तर शब्दाच्या आधी
एक न दिसणारी खूण, एक कंस, एक आकडा.
एकतीस म्हणजे लाल. बत्तीस म्हणजे हिरवा.
शून्य म्हणजे झालं, आता पुन्हा साधं बोल.
शून्य विसरलात की लाल खाली वाहत जातो,
गुन्हेगार आणि साक्षीदार एकाच रंगात.
(मी विसरले. दोनदा.)

दुपारी तीनला औलूत अंधार पडला
आणि माझा पडदा उजळला.
मी स्वतःवर इतकी खूश होते
की बस सोडली, पुलावरून चालत घरी गेले.

उर्पो रात्रपाळीचा.
लोकरी मोजे, डेंट पडलेला थर्मास,
आणि पडद्यावर चौथ्या रकान्यात
वरपासून खालपर्यंत
त्याच्या बोटाचा एक तेलकट पट्टा.
आठवड्यानंतरही पट्टा ताजाच.
मी म्हटलं, आता बोट कशाला? लाल दिसतं की.

त्यानं आधी कॉफी ओतली.
मग म्हणाला, दोन्ही मला ओल्या पुठ्ठ्यासारखे दिसतात.
तुझा लाल पण, तुझा हिरवा पण.
बायको रानात लिंगनबेरी वेचते ना,
तेव्हा मी नुसती बादली धरतो.
एकोणीस वर्षं इथं कुणाला सांगितलं नाही.
गरजच नव्हती.
करड्यात आपण सगळे सारखेच होतो.

रंगाचा बेरंग म्हणतात तो असा,
कुणाचा आवाज न चढता.

त्या रात्री मी आकडे प्रोग्रॅममधून उपटले,
एकतीस, बत्तीस, सगळे,
आणि प्रत्येकाच्या घरच्या फोल्डरात
एक छोटी फाइल ठेवली. डावीकडे शब्द,
मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे रिकामं.
लिहा बाबांनो, काय हवं ते.

लेम्पीनं जांभळा घेतला.
शिकाऊ ओत्सोनं सगळंच लुकलुकतं केलं
आणि अर्ध्या तासात डोकं धरून बसला.
हिशेबवाल्या बाई अहवाल फाइलीत उतरवून घ्यायच्या,
त्यांच्या कागदावर अंशांच्या जागी कंसच कंस;
म्हणून नियम केला, समोर पडदा नसेल
तर रंग घरी ठेवून जायचं.

उर्पोची फाइल एका ओळीची:
बिघाड = पिवळा, ठळक, अधोरेखित.
आणि ठीकसाठी?
काही नाही, म्हणाला. जे ठीक आहे ते कशाला ओरडेल?

मला वाटलं होतं मी त्याला रंग देतेय.
त्यानं माझा हिरवा परत केला, घडी घालून,
नको असलेली पिशवी दुकानात परत करावी तसा.

फेब्रुवारीत पाणी कुठंतरी मुरत होतं.
त्याला चार दिवस आधी संशय आला,
मला एक दिवस उशिरा.
ह्यात रंगाचा हात किती
आणि एकोणीस वर्षांचा किती, मोजलेलं नाही.
बोटाचा पट्टा मात्र अजून आहे. सवय असेल.

एकच प्रश्न उरला होता:
ज्यानं फाइल कधी उघडलीच नाही
त्याला काय दिसावं?
मी पिवळा ठेवला. अधोरेखित.
बाकी करडं, होतं तसं.
बदलाचं कारण लिहायच्या जागी लिहिलं,
बादली धरणाऱ्यांसाठी.

लेम्पीनं विचारलं, हे काय?
म्हटलं, चालतंय ना? मग राहू दे.